जुना लॅपटॉप टिकवावा की नवा घ्यावा? आणि नवा घेतलाच, तर तो उघडता येईल की नाही हे आधी कसे ओळखावे?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांस नमस्कार.

प्रश्न खरेदीचा आहे, पण त्याच्या मुळाशी बरीच वर्षे मनात साचलेली एक तक्रार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला संगणकाचा नाद लागला तो असेंबल्ड संगणकामुळे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट वेगवेगळे आणायचे आणि घरी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून जोडायचे, असे ते दिवस होते. बोर्डाबरोबर एक पातळ पुस्तिका मिळत असे आणि तीत प्रत्येक जंपरची जागा, कोणत्या पिना जोडल्या की बसचा (भागांमधील माहितीवाहिनीचा) वेग किती होतो, हे सगळे तक्त्यांत दिलेले असे. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर अनेकांना आठवत असेल. त्याचा गुणक (बसच्या किती पट वेगाने तो चालतो) ४.५ वर कायम केलेला होता, त्यामुळे बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर चाले. आणि बहुतेक वेळा तो बिनतक्रार चाले याचे कारण असे, की त्याची १२८ किलोबाइटची कॅश (हाताशी ठेवलेली जलद स्मृती) पेंटियम टूप्रमाणे वेगळ्या चिपांवर नव्हती, प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर होती. फुकट मिळालेल्या दीडशे मेगाहर्ट्झचा आनंद होताच, पण ते का मिळाले हे उमगण्याचा आनंद त्याहून मोठा होता. त्या काळी त्रास नव्हता असे मुळीच नाही. साउंड कार्ड आणि मोडेम एकाच आयआरक्यूवर (प्रोसेसरला हाक देण्याच्या मार्गावर) आले की दोन्ही गप्प बसत आणि रविवार त्यातच जाई. मात्र त्या त्रासाचे कारण शोधून सापडत असे.

आज माझ्याकडे दोन लॅपटॉप आहेत. पहिला २०१२ सालचा, तिसऱ्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला, जाडजूड. खालच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले की रॅम आणि हार्ड डिस्क समोर येतात, आणि बॅटरी तर खटका सरकवला की हातात येते. मी त्याची रॅम वाढवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, आणि तो आजही लेखन, हिशेब, छायाचित्रांची निवड ही कामे नीट करतो. पण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या राखणारी सोय) व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो.

दुसरा लॅपटॉप एका नामांकित कंपनीचा, पातळ, हलका आणि दिसायला फार देखणा आहे. प्रणाली अद्ययावत आहे, पडदा उत्तम आहे. गेल्या उन्हाळ्यापासून त्याचा टचपॅड दाबला जाईनासा झाला. नीट पाहिले तेव्हा खालची बॅटरी फुगून टचपॅडला वर ढकलत असल्याचे दिसले. सेवाकेंद्रात सांगण्यात आले की ही बॅटरी वरच्या संपूर्ण भागाला, म्हणजे कीबोर्डसकट, चिकटवलेली असल्याने सगळा भाग बदलावा लागेल. आणि त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून अधिक सांगितला. आठ जीबी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असल्याने ती वाढवण्याचा प्रश्नच नाही.

म्हणजे जे यंत्र मला उघडता येते त्याची प्रणाली कालबाह्य झाली, आणि ज्याची प्रणाली चालू आहे ते मला उघडता येत नाही. मला या यंत्रांविषयी मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच याचा इतका संताप येतो. या दोहोंपैकी कोणते टिकवावे? आणि नवे घ्यायचेच झाले, तर दुकानात पैसे मोजण्यापूर्वी त्याची दुरुस्तीयोग्यता कशी ताडून पाहावी?

सोल्डरगन (पुणे) यांचे उत्तर

गोदाकाठ दादा, बाकीचे सगळे नंतर. फुगलेल्या बॅटरीचा लॅपटॉप आज, आत्ता बंद करा आणि चार्जरला लावू नका. फुगलेल्या सेलमध्ये इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून तयार झालेला वायू असतो. ती दाबणे, टोचणे किंवा टचपॅड जागेवर बसावा म्हणून वर वजन ठेवणे जिवावर बेतू शकते, आणि असे करणारे लोक माझ्याकडे येतात म्हणून मुद्दाम लिहीत आहे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलकाकडे द्यावी.

पुण्याच्या तापकीर गल्लीच्या आसपास लॅपटॉप दुरुस्तीचेच काम करीत माझी बरीच वर्षे गेली, त्या आधारावर सांगतो की २०१२ चा लॅपटॉप मुळीच मोडीत काढू नका. त्यावर लिनक्स मिंट किंवा डेबियन यांपैकी एक मोफत प्रणाली घाला. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि एसएसडी एवढ्यावर दोन्ही व्यवस्थित चालतात आणि सुरक्षेची अद्यतने नियमित मिळतात. घालण्यापूर्वी पेनड्राइव्हवरूनच प्रणाली सुरू करून वायफाय, आवाज, झाकण मिटल्यावर झोपणे आणि उघडल्यावर जागे होणे या चार गोष्टी तपासाव्यात, कारण जुन्या यंत्रांवर लिनक्स अडते ते बहुधा इथेच. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आधीपासून असतो.

आता नवे घेण्याविषयी. दुकानदाराला काहीही विचारण्यापूर्वी त्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते का ते पाहा. व्यावसायिक वर्गातील बऱ्याच लॅपटॉपांची मिळते, आणि तीत कोणता भाग कोणत्या क्रमाने निघतो हे चित्रांसह दिलेले असते. बॅटरी स्क्रूंनी धरलेली आहे की गोंदाने, कीबोर्ड वेगळा निघतो की वरच्या झाकणाला रिव्हेटांनी ठोकलेला आहे, चार्जिंगचा पोर्ट लहानशा वेगळ्या बोर्डावर आहे की थेट मदरबोर्डावर, हे सगळे तिथे कळते. शेवटचा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही, पण सर्वांत जास्त झीज त्या पोर्टचीच होते. तो मदरबोर्डावर असेल तर वायरीला बसलेला एक हिसका सबंध बोर्डाला भोवतो. रॅमच्या रकान्यात ‘एलपीडीडीआर’ अशी अक्षरे दिसली तर ती जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते, आणि ‘सोडिम’ (खाचेत बसणारी रॅमची पट्टी) लिहिले असेल तर ती बदलता येते. मॅन्युअलच मिळत नसेल, तर त्या कंपनीला आपण तो लॅपटॉप उघडायला नको आहे असे मी समजतो.

दुसरा मार्ग म्हणजे कंपन्यांनी भाडेकरार संपल्यावर परत केलेले व्यावसायिक लॅपटॉप. आठव्या पिढीचा किंवा पुढचा घेतला की विंडोज ११ ची अडचण राहत नाही. घेताना बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीला) पासवर्ड नाही ना, आणि आधीच्या मालकाचे दूरस्थ नियंत्रणाचे कुलूप शिल्लक नाही ना, हे स्वतः पाहावे. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेला बॅटरीरिपोर्ट हा पर्याय जोडला की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर किती धरते हे दोन्ही आकडे असतात. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा त्या आकड्यांवर विश्वास ठेवावा.

आपण जंपरच्या पुस्तिकेचा उल्लेख केलात म्हणून आणखी एक सांगतो. मागच्या आठवड्यात एक पूर्ण बंद पडलेला लॅपटॉप आला, आणि बोर्ड बदलावा लागेल असे त्याच्या मालकाला अन्यत्र सांगण्यात आले होते. मुख्य १९ व्होल्टच्या मार्गावर शॉर्ट होते. त्या मार्गावर बेंच सप्लायने (हवा तो व्होल्ट देणाऱ्या टेबलावरच्या यंत्राने) जेमतेम एक व्होल्ट, पण भरपूर करंट दिला आणि बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरले. सगळीकडे ओल असताना एकाच ठिकाणी ती भर्रकन उडाली, आणि तिथे मोहरीएवढा एक सिरॅमिक कपॅसिटर तापलेला होता. तो काढला आणि यंत्र सुरू झाले. त्या कपॅसिटरची किंमत रुपयातही मोजता येणार नाही. पण अशा बोर्डांची सर्किट डायग्रॅम कंपन्या आम्हाला देत नाहीत, म्हणून हे सगळे चाचपडत करावे लागते. १९८१ मध्ये आयबीएमने पहिला पीसी आणला तेव्हा त्याच्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात सर्किट डायग्रॅम आणि बायोसची संपूर्ण आज्ञावली छापलेली होती. त्या मोकळेपणातूनच जगभर सुटी कार्डे आणि सुटे भाग तयार झाले, आणि आपण जमिनीवर पसरून जोडत होतो तो संगणकही त्याचाच वंशज होता. ही परंपरा मोडली गेली याचे मला मनापासून दुःख होते.

अर्धवाहक (बंगळूर, मूळ सांगली) यांचे उत्तर

सोल्डरगन यांनी सांगितलेली तपासणी अचूक आहे, पण रॅमच्या बाबतीत दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण मी बोर्डाच्या आखणीच्याच क्षेत्रात काम करतो.

रॅम सोल्डर करण्यामागे केवळ ग्राहकाला बांधून ठेवण्याचा हेतू असतो असे मानणे योग्य नाही. एलपीडीडीआर ही स्मृती कमी व्होल्टेजवर चालते आणि यंत्र झोपलेले असताना अत्यल्प वीज खाते, म्हणूनच झाकण मिटून ठेवलेला आजचा लॅपटॉप दोन दिवसांनीही तत्काळ जागा होतो. तिचा वेग इतका आहे की प्रोसेसर आणि स्मृती यांच्यामधील तांब्याच्या रेघा शक्य तितक्या आखूड ठेवाव्या लागतात. सोडिमच्या खाचेतून जाणारा लांबचा रस्ता त्या वेगाला मानवत नाही. डीडीआर५ चे सोडिम साधारण ५६०० मेगाट्रान्स्फरवर येते, तर एलपीडीडीआर५एक्स ८५३३ पर्यंत जाते. आपल्या पातळ लॅपटॉपची जी हलकेपणाची आणि दीर्घ बॅटरीची बाजू आपल्याला आवडली असेल, तिचा काही भाग या निर्णयातूनच आलेला आहे, आणि ते श्रेय नाकारू नये असे मला वाटते.

मात्र हा युक्तिवाद आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये स्मृतींची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेने कॅम२ नावाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात रॅमची पट्टी उभी किंवा तिरपी न खोचता बोर्डावर आडवी ठेवून स्क्रूंनी दाबून बसवतात, आणि रेघा आखूड राहत असल्यामुळे एलपीडीडीआरसुद्धा त्या पद्धतीने बदलता येते. २०२४ पासून असे लॅपटॉप बाजारात आलेही आहेत, पण थोडे आणि महाग. म्हणजे वेग आणि बदलता येणे हे दोन्ही एकत्र साधते हे सिद्ध झालेले आहे. प्रश्न आता ते स्वस्त लॅपटॉपांपर्यंत कधी पोहोचते एवढाच आहे, आणि ग्राहकांनी मागितले नाही तर ते पोहोचणार नाही.

बॅटरी कीबोर्डाला चिकटवण्याचे, किंवा एसएसडी बोर्डावर सोल्डर करण्याचे समर्थन मात्र मी करणार नाही. बॅटरी हा झिजणारा भाग आहे हे आखणी करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. काही शे चार्जिंग-आवर्तने झाली की क्षमता घटणार, आणि उष्णतेत सतत शंभर टक्के भरून ठेवली तर त्याहून लवकर घटणार. म्हणून सेटिंगमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती अवश्य चालू करावी, विशेषतः आपला लॅपटॉप दिवसभर टेबलावर चार्जरला जोडलेला असेल तर.

टीपीएमविषयी एक व्यावहारिक इशारा. डिस्कवरील माहिती सांकेतिक स्वरूपात ठेवली जाते तेव्हा तिची किल्ली या टीपीएमच्या आधारे राखली जाते. लॅपटॉप चोरीला गेला तर याचा मोठा फायदा आहे, परंतु मदरबोर्ड बदलला की तीच माहिती आपल्यालाही बंद होते. बिटलॉकर (विंडोजची ही सांकेतिक सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून किंवा छापून ठेवावी, आणि हे काम लॅपटॉप दुरुस्तीला देण्यापूर्वी करावे. एसएसडी बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर बोर्ड गेला की माहिती गेली, हे गृहीत धरून दुसऱ्या डिस्कवर नियमित प्रत काढण्याला पर्याय नाही.

अक्षरजुळणी (कोल्हापूर) यांचे उत्तर

गोदाकाठ यांनी प्रणाली आणि यंत्र यांच्यातील ओढाताण मांडली आहे. त्यात मी कुलपाची एक तिसरी बाजू जोडते.

माझा डीटीपीचा, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचा, व्यवसाय आहे. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली कितीतरी पुस्तके, वार्षिक अंक आणि लग्नपत्रिकांचे नमुने माझ्याकडे आहेत, आणि ती सर्व युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची समान अक्षर-संकेतप्रणाली येण्यापूर्वीच्या) मराठी फाँटमध्ये आहेत. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर अर्थहीन रोमन चिन्हांचा ढीग होऊन समोर येतो. ज्या सॉफ्टवेअरमधून हे फाँट वापरता येतात त्याला हार्डवेअर लॉक आहे. तो लॉक, म्हणजे डाँगल, प्रिंटरच्या जुन्या रुंद समांतर पोर्टला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही, आणि तसा पोर्ट असलेला संगणक आता बाजारात सहसा मिळत नाही. यूएसबीची अडॅप्टर मी लावून पाहिली, ती प्रिंटरला चालली, पण डाँगलला चालली नाहीत. मी त्या सॉफ्टवेअरचे पूर्ण पैसे भरले आहेत, पावती आजही फाइलमध्ये आहे, आणि तरीही माझ्याच मजकुरापर्यंत पोहोचण्यासाठी मला एक विंडोज एक्सपीचा संगणक जिवापाड जपावा लागतो.

तो जपण्यासाठी जे उपयोगी पडले ते इतरांच्याही कामास येईल. मदरबोर्डावरील सीआर२०३२ हे बटणासारखे सेल दर काही वर्षांनी, ते संपण्याची वाट न पाहता बदलावे, कारण ते संपले की तारीख आणि बायोसच्या जुळण्या पुसल्या जातात. बोर्डावरील उभ्या कपॅसिटरांची डोकी वर्षातून एकदा पाहावीत. सपाट असतील तर ठीक, फुगीर दिसली किंवा तपकिरी द्राव आलेला दिसला तर तेवढेच कपॅसिटर, त्याच फॅरड मूल्याचे आणि तेवढ्याच किंवा अधिक व्होल्टचे, जाणकाराकडून बदलून घ्यावेत. जुन्या आयडीई जोडणीच्या हार्ड डिस्कची जागा कॉम्पॅक्टफ्लॅश मेमरी कार्ड घेऊ शकते, कारण दोहोंची विद्युत-भाषा मुळात एकच आहे आणि मधला अडॅप्टर अगदी साधा असतो. हा संगणक इंटरनेटला जोडू नये, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याच्या जोडीने जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे कामही मी चालू ठेवले आहे. परिवर्तक मिळतात, पण त्यांच्या भरवशावर छापखान्यात पाठवू नये. रफार आणि अर्धचंद्री र यांची गल्लत ठरलेली असते, ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते, आणि स्पेलचेकला त्यात काहीच वावगे दिसत नाही. प्रत्येक पान माणसानेच वाचावे लागते.

नेकारकाठ (श्टुटगार्ट) यांचे उत्तर

अर्धवाहक म्हणतात की ग्राहकांनी मागावे. इथे युरोपात ते काम काही प्रमाणात कायद्याने केले आहे, म्हणून थोडक्यात नोंदवतो. २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील लहान बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आल्या पाहिजेत. स्मार्टफोनसाठी २० जून २०२५ पासून सुट्या भागांची सात वर्षे उपलब्धता बंधनकारक आहे. यूएसबी-सी चार्जिंग फोनांना डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून लागू झाले, आणि लॅपटॉपांसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. एका बाजारासाठी आखणी बदलली की कंपन्यांना तीच आखणी इतरत्र विकणे सोयीचे पडते, म्हणून याचा लाभ भारतातही पोहोचण्याची शक्यता आहे. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यावर मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपन्यांची सेवा-माहिती पाहता येते. बंधनकारक कायदा मात्र अजून हवा आहे.

यूएसबी-सीबद्दल माझी स्वतःची तक्रार अशी, की पोर्ट एक झाला, पण वायरी एक झाल्या नाहीत. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन वायरींपैकी एक ४८० मेगाबिटवर अडकते आणि दुसरी ४० गिगाबिटवर जाते. एक ६० वॅट वाहते, दुसरी २४०. वायरीवर हे छापलेले नसेल तर ती घेऊ नये, आणि घरात आधीच असलेल्या वायरींना चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पातळ लॅपटॉप लगेच बंद केला आहे आणि रिकव्हरी की कागदावर उतरवली आहे. २०१२ च्या लॅपटॉपवर मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिले. वायफाय आणि आवाज चालतात, झाकण उघडल्यावर जागाही होतो. तेव्हा तो राहणार हे निश्चित. अक्षरजुळणी ताई, आपले कपॅसिटरचे टिपण मी छापून ठेवले आहे. सोल्डरगन दादा, एकच शंका राहिली: पातळ लॅपटॉपची बॅटरी काढून टाकून तो नुसत्या चार्जरवर चालवता येईल का? आणि त्या बॅटरीपुरतीच बदली, कीबोर्डाला हात न लावता, खरोखर अशक्य आहे का?

सोल्डरगन (पुणे)

चार्जरवर बहुतेक लॅपटॉप चालतात, पण काही मॉडेल बॅटरी नसली की प्रोसेसरचा वेग मुद्दाम खूप कमी करतात, कारण क्षणिक जास्तीचा भार चार्जरऐवजी बॅटरी उचलत असते. शिवाय वीज गेली की लिहिलेले जाईल, म्हणून मधे यूपीएस हवाच.

बॅटरीपुरती बदली पुष्कळदा शक्य असते. सेवाकेंद्र ती करीत नाही एवढेच. फुगलेली बॅटरी घरी काढू नका, पण कारागीर कसा काढतो ते पाहून ठेवा. कडेने थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून, गोंद मऊ होईपर्यंत थांबून, प्लॅस्टिकची पट्टी हळूहळू सरकवत जो काढतो त्याच्याकडे द्या. जो स्क्रूड्रायव्हर घेऊन उचकटायला लागतो त्याच्याकडून लॅपटॉप परत घ्या. नवी बॅटरी लॅपटॉपच्या नावावरून न मागवता जुन्या बॅटरीवर छापलेल्या पार्ट नंबरवरून मागवा, आणि व्होल्ट व वॅट-अवर जुळतात का ते पाहा. उत्पादनाची तारीखही पाहा, कारण दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेली बॅटरी नवी म्हणून विकली जाते. जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो इथे टाकलात तर नंबर मी तपासून देतो.